चेंडू आधी, माती नंतर

वेस्ट मांबलमच्या गल्ल्यांत गोल्फ कुठून येणार? इथे पहाटे दारोदारी कोलम आणि फिल्टर कॉफीचा वास. पण मांबलमहून लोकल पकडली की सैदापेट आणि मग लगेच गिंडी. तिथल्या रेसकोर्सच्या आत मद्रास जिमखान्याने गोल्फचं मैदान आखलं. हा क्लब 1884 चा, सुरुवातीला गोऱ्यांपुरता. इकडे नंदनमला कॉस्मोपॉलिटन क्लबचं मैदान. हा क्लब त्याहून जुना, 1873 चा, हिंदी मंडळींचा.

निवृत्तीनंतर गोल्फकडे वळलेले आपले बरेच सीनियर एकच प्रश्न विचारतात: आयर्न मारताना चेंडू कुठे ठेवायचा आणि वजन कुठल्या पायावर घ्यायचं? याचं उत्तर इतिहासात सापडतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेंडू म्हणजे कातड्याच्या पिशवीत ठासून भरलेली पिसं. तो महाग, आणि लोखंडी क्लबची धार लागली की फाटायचा. म्हणून खेळ लाकडी क्लबांचा. लोखंड फक्त चाकोरीत किंवा खड्ड्यात अडकलेला चेंडू काढायला. मग मलायातल्या झाडाचा चीक आला, गट्टापर्चा. सिंगापूरला असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे सर्जन विल्यम माँटगोमेरी यांनी 1843 मध्ये त्याचे नमुने लंडनला पाठवले. समुद्राखालच्या तारांवर पुढे हाच चीक चढला. आपल्या सिग्नल्सवाल्यांनी याची नोंद घ्यावी! 1848 च्या सुमारास त्याचे चेंडू बनू लागले: स्वस्त, टणक, चेपले तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा गोल करता येणारे. आता लोखंडाने बिनधास्त मारता येऊ लागलं. आयर्नला खरे दिवस तेव्हा आले.

पुढचा बदल दांड्याचा. हिकरी लाकडाचा दांडा स्विंगमध्ये पिळायचा, त्यामुळे घाई चालत नसे. 1929 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए ने पोलादी दांड्याला मान्यता दिली. पोलाद पिळत नाही, त्यामुळे पाय आणि कंबर जोरात वापरता आली.

आता प्रश्नाकडे. उजव्या हाताने खेळणाऱ्याने छोट्या आयर्नला चेंडू पावलांच्या मधोमध ठेवावा. आयर्न जसजसं लांब, तसा चेंडू थोडा थोडा डाव्या पायाकडे. उभं राहताना वजन दोन्ही पायांवर सारखं. क्लब मागे नेताना उजव्या पायाच्या आतल्या बाजूवर. खाली येताना आधी डाव्या पायावर, हात मागून. शेवटी उजवी टाच उचललेली हवी. संगिनीच्या ड्रिलमध्ये पुढच्या पायावर झोकून देतो, तोच हिशोब. चेंडू उचलायला जाऊन वजन मागे राहिलं की क्लब आधी मातीत घुसतो. उचलण्याचं काम क्लबच्या तिरप्या तोंडाचं आहे, आपलं नाही. परीक्षा सोपी: गवताची खपली चेंडूच्या जागेच्या पुढे निघाली पाहिजे.

हे ज्ञान क्लबांच्या भिंतींआड राहिलं नाही. बॅगा वाहणाऱ्या पोरांनी ते नुसतं बघून उचललं. कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. 2009 मध्ये बंगळुरूचे मुनियप्पा, तेही कॅडीच, ती स्पर्धा जिंकले. तेव्हा सर, पुढच्या वेळी चेंडू बिघडला तर महागडा क्लब घेण्याआधी शेजारच्या कॅडीला विचारा. त्याची नजर आधी तुमच्या डाव्या पायाकडे जाईल.