रुग्ण कल्याण समिती आणि उंदीर

मंडळी, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लसीकरणाचे तक्ते आणि डासांची चित्रं यांच्या गर्दीत 'रुग्ण कल्याण समिती' हे शब्द तुम्ही कधीतरी वाचले असतील. वाचून पुढेही गेला असाल. आमच्या पडेगावात ओळखीच्या पाच-सात जणांना मी मुद्दाम विचारलं, तर एकाने सांगितलं, "सर, ते धर्मादाय काहीतरी असतं." बाकीच्यांना तेवढंही माहीत नव्हतं. दवाखाना चालवण्यात रुग्णांचा हात असावा म्हणून ही समिती, असं नावावरून वाटतं. पण तिचा उगम शोधायला गेलं तर भलतंच काही सापडतं. वाट आपल्याच मराठवाड्यातून निघते आणि तिच्यात उंदीर आहेत!

30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. त्यानंतर भीतीने कितीतरी लोक घराबाहेर राहू लागले, धान्य मात्र घरातच राहिलं. उंदीर माजले. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेग निघाला, त्याचं कारण तेव्हा असं सांगितलं गेलं. पुढच्याच महिन्यात सुरतेत प्लेगची बातमी आली आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली. त्या धास्तीत तिकडे इंदुरात लोकांचं लक्ष एका मोठ्या सरकारी इस्पितळाकडे गेलं. ते होळकरांच्या नावाचं महाराजा यशवंतराव रुग्णालय. तिथे उंदरांचा सुळसुळाट होता. जिल्हाधिकाऱ्यांनी पुढाकार घेतला, रुग्ण हलवले, गावातून मदत उभी केली, इमारत रिकामी करून साफ केली. आता ती पुन्हा घाण होऊ नये यासाठी 1995 मध्ये समिती नेमली, तीच 'रोगी कल्याण समिती'. (हिंदीतला रोगी आपल्याकडे येता येता रुग्ण झाला, एवढंच.)

त्यातली खरी नवी गोष्ट होती पैशाची. ज्यांना परवडेल त्यांच्याकडून थोडं शुल्क घ्यायचं आणि ते सरकारी तिजोरीत न भरता त्याच इस्पितळात खर्च करायचं. नळ गळतो तर मुंबई-भोपाळच्या मंजुरीची वाट बघायची नाही. कल्पना उत्तमच, मी नाव ठेवत नाही. पण बघा, समितीत रुग्ण आला तो पैसे देणारा म्हणून. ठरवणारा म्हणून नव्हे.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि ही समिती देशभर गेली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीला तेव्हा वर्षाला 1 लाख रुपये, शिवाय देखभालीचे 50,000 आणि अबंधित निधी 25,000. लोकप्रतिनिधी, अधिकारी, डॉक्टर, गावातली प्रतिष्ठित मंडळी यांच्या जागा ठरलेल्या. रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईने आपल्यातून निवडून दिलेली दुसरी बाई त्यात कुठे बसते, हे मात्र शोधावं लागतं.

वास्तविक ही गोष्ट कोणाला सुचली नव्हती असं नाही. स्वातंत्र्याच्या आधीच, 1946 मध्ये, भोर समितीने गावोगाव 5 ते 7 जणांची आरोग्य समिती असावी असं लिहून ठेवलं होतं. ते बरीच वर्षं कागदावरच राहिलं.

प्रत्यक्षात ते करून दाखवलं जामखेडला. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य 1970 मध्ये तिथे आलं. गावकऱ्यांनी गुरांच्या दवाखान्याची जुनी जागा दिली, तिथे काम सुरू झालं. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवल्या. ते काही जमलं नाही. मग गावानेच आपली बाई निवडायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्या कितीतरी जणी निरक्षर, कितीतरी दलित. त्या जामखेडला येऊन शिकत आणि परत जाऊन बाळंतपणं बघत, मुलांची वजनं घेत. शेतकऱ्यांची मंडळं झाली, महिला मंडळं झाली. दुष्काळात हातपंप घ्यायचे तेव्हा ते दलित वस्तीत बसवण्याचा आरोळ्यांनी आग्रह धरला, म्हणजे पाण्यासाठी सगळं गाव तिथे येईल. (दवाखान्याचा आणि जातीचा काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.) 1971 मध्ये त्या भागात हजार बाळांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. नव्वदीच्या दशकात तो आकडा तिशीच्या खाली होता. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे मिळाला.

सरकारी पातळीवर आपल्याकडे त्याच्या जवळ गेलेला प्रयोग म्हणजे लोकाधारित देखरेख. 2007 मध्ये तो अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या 5 जिल्ह्यांत सुरू झाला. राज्यभरची जबाबदारी पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होती. गावकऱ्यांनीच आपल्या दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं, चांगलं असेल तिथे हिरवा रंग, मध्यम तिथे पिवळा, वाईट तिथे लाल. मग जनसुनवाई, म्हणजे मांडवात सगळ्यांसमोर अधिकाऱ्यांनी उत्तरं द्यायची. माझं सगळं आयुष्य मुलांची प्रगतिपुस्तकं भरण्यात गेलं, त्यामुळे साहेबांचं प्रगतिपुस्तक गावाने भरावं ही कल्पना मला फारच आवडली!

इंग्लंडातल्या आमच्या नातेवाइकांना हे वाचून हसू येईल. तिकडे 1972 मध्येच एका डॉक्टरने ऑक्सफर्डजवळच्या बेरिन्सफील्डला आपल्या रुग्णांचा गट बसवला होता आणि एप्रिल 2015 पासून प्रत्येक दवाखान्याला असा गट ठेवणं करारानेच बंधनकारक झालं. असो. तिथेही बैठकीला सगळे येतात असं नाही म्हणा.

आमचं पडेगाव महापालिकेत, त्यामुळे आम्हाला 2013 चं शहरी आरोग्य अभियान लागू. त्यात 50 ते 100 घरांमागे एक महिला आरोग्य समिती आणि तिला वर्षाला 5,000 रुपये, अशी तरतूद होती. रक्कम चिमूटभर, पण ती कशावर खर्च करायची हे त्या बायकांनी ठरवायचं, अगदी गल्लीतली नाली असली तरी. आमच्या गल्लीची समिती कोणती आणि तिची बैठक कधी, हे विचारायला मी आशाताईंकडे निरोप ठेवला आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.