पन्नास मीटरांचा हिशेब

भांडुप, मुलुंड, घाटकोपरच्या पूर्वेला ठाणे खाडीच्या कडेने तिवरांचा पट्टा उरला आहे. त्याच्या रक्षणाचा इतिहास बहुधा न्यायालयाच्या आदेशांतून सांगितला जातो. मला त्यात उपग्रहचित्रांतले पिक्सेलही मोजावेसे वाटतात.

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून ‘आयआरएस-१ए’ आकाशात गेला. त्याच्या लिस-१ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा ७२.५ मीटरांचा चौकोन. पुढे ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीवर बंदी घातली आणि तिवरांभोवतीच्या ५० मीटरांतले बांधकाम थांबवले. उपग्रहचित्रांवरून नकाशे करण्याचे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आले. न्यायालयाची ती अख्खी पट्टी लिस-१च्या एका ठिपक्यात गडप झाली असती!

तोवर चित्रे बारीक झाली होती. १९९५च्या ‘आयआरएस-१सी’चा काळा-पांढरा पिक्सेल ५.८ मीटरांचा. पण बारीक चित्राची खोड वेगळी. झाडाचा शेंडा, त्याची सावली, मधला चिखल यांचे ठिपके वेगवेगळे पडतात आणि नकाशा तीळ पेरल्यासारखा दिसतो. म्हणून २०००च्या सुमारास म्युनिकच्या ‘ई-कॉग्निशन’सारख्या प्रणालींनी क्रम बदलला: आधी सारख्या शेजाऱ्यांचा एक खंड बांधायचा, मग त्या खंडाचे आकडे काढायचे.

हे आकडे फसवे असतात. समजा, एका खंडातले चार पिक्सेल ५८, ६०, ६०, ६२. दुसऱ्यातले २०, ३०, ९०, १००. सरासरी दोन्हींची ६०. प्रमाण विचलन मात्र पहिल्याचे १.४, दुसऱ्याचे ३५.४. पहिला दाट तिवरांचा असू शकेल, दुसरा पत्रे आणि गल्ल्यांचा. नुसत्या सरासरीवर विसंबणाऱ्याला दोन्ही एकच.

खरी अडचण कडेची. ‘सेंटिनेल-२’चा पिक्सेल १० मीटरांचा धरला, तर ३० मीटर रुंद ओळीत आडवे तीनच बसतात. त्यांतल्या कडेच्या दोघांत चिखल किंवा भरावाची माती मिसळलेली असू शकते. ते धरले तर सरासरी बिघडते, सोडले तर साक्षीला एकच रांग उरते. आकडे काढताना मी ते वगळण्याच्या बाजूचा आहे. फक्त किती वगळले, हे नकाशावर छापलेले असावे. मात्र हद्द आखताना ते वगळू नयेत. ५० मीटर त्या कडेपासूनच मोजायचे असतात. कड एक पिक्सेल आत सरकली, की १० मीटर जमीन कागदावर मोकळी होते.