काट्यांची करडई आणि अंगाचं तेल

काही क्रीमच्या डबीवर बारीक अक्षरांत 'सॅफ्लॉवर सीड ऑइल' असं लिहिलेलं असतं. नाव परकं वाटतं, पण ते आपल्या करडईचंच तेल. आपल्या गटांतून नेहमी विचारणा होते, की घाण्याचं करडईचं तेल अंगाला लावायचं म्हणून विकावं का, आणि विकायचं तर काय सांगून? त्याचं उत्तर करडईच्या इतिहासात आहे, म्हणून आज तोच पाहू.

करडई फार जुनं पीक. इजिप्तमधल्या थडग्यांत तिच्या फुलांच्या माळा सापडल्या आहेत. पण तेव्हा मोल होतं ते फुलाला. फुलांपासून पिवळा आणि लाल रंग निघे. आपण ज्याला कुसुंबी रंग म्हणतो तो हाच. 1856 साली इंग्लंडमध्ये पहिला कृत्रिम रंग तयार झाला, पुढे स्वस्त रंग सगळीकडे पोहोचले आणि फुलाची मागणी संपत गेली. उरलं बी.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत करडई रब्बी ज्वारीसोबत रुजली. मूळ खोल जातं, जमिनीतल्या ओलीवर पीक निघतं. कडेने लावली की काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. कोवळ्या पानांची भाजी, बियांचं तेल, गुराला पेंड, काहीच वाया जात नाही. कापणी मात्र कठीण. पहाटे दवाने काटे मऊ असतात, तेव्हाच ती उरकायची, तीही हाताला फडकं गुंडाळून. हे काम बहुतेक बायांनीच केलं. घाण्यावरून आलेलं तेल फोडणीला जाई, तसंच भेगाळलेल्या टाचांना आणि बाळाच्या अंगालाही लागे.

या लावण्यात काही अर्थ होता का? 1929 साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांना अजिबात तेल-तूप नसलेला आहार दिला. उंदरांची कातडी कोरडी पडली, तिचे पापुद्रे सुटू लागले. पुढे त्यांना कळलं, की लिनोलेइक आम्ल नावाचा स्निग्ध घटक दिला की ती सुधारते. आपलं शरीर हा घटक स्वतः बनवू शकत नाही. त्वचेतला ओलावा धरून ठेवायला तो लागतो. नेहमीच्या करडईच्या तेलातल्या स्निग्ध आम्लांत शंभरात सत्तरच्या आसपास वाटा याचाच असतो.

दुसरा दाखला आपल्या जवळचा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 120 नवजात बाळांचे तीन गट केले. एका गटाला करडईच्या तेलाने मालिश, दुसऱ्याला खोबरेल तेलाने, तिसऱ्याला तेलच नाही. पाच दिवस, रोज चार वेळा. 2005 साली निष्कर्ष छापून आला. करडईच्या गटातल्या बाळांच्या रक्तात शरीराला आवश्यक अशी स्निग्ध आम्लं वाढलेली दिसली. म्हणजे तेल कातडीतून आत जातं. म्हणूनच ते शुद्ध असायला हवं, हेही आपण यातून घ्यायचं.

मग करडई मागे का पडली? सोयाबीन आलं, पाणी आलं तिथे ऊस आला, स्वस्त पामतेल दुकानात आलं, आणि काट्यांमुळे कापणीला मजूर मिळेनात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचं वाण काढलं. त्याचं नाव 'नारी-6'. संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून नारी झालं, पण हात ज्यांचे सोलवटत होते त्यांना ते नाव शोभलंच.

आता गटाचं उत्तर. हे तेल कोरडेपणा कमी करतं, त्वचा मऊ ठेवतं, एवढंच सांगायचं. रंग उजळतो, डाग जातात, खरूज बरी होते, असं काहीही म्हणायचं नाही. गिऱ्हाईक एकदा फसलं की दुसऱ्यांदा येत नाही. खाद्यतेल म्हणून विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायला अन्न व औषध प्रशासनाचा वेगळा परवाना लागतो. तो नसताना बाटलीवर 'त्वचेसाठी' छापू नका.

हे तेल लवकर खवट होतं. थोडंच काढा, गडद बाटलीत भरा, चुलीपासून लांब ठेवा, काढल्याची तारीख लिहा. पहिल्यांदा लावताना मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस पाहा. चिघळलेल्या जागी लावू नका. कमी दिवसांच्या बाळाला आशाताई किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश नको.

करडई पिकवणाऱ्या आपण, कापणाऱ्या आपण. तेलाचे पैसेही आपल्याच गटात यावेत, आणि ते खरं बोलून यावेत. रब्बीच्या पेरणीआधीच्या बैठकीत बांधावरच्या चार ओळींचा विषय नक्की घ्या.