‘चार्ज’: भिलाईच्या भट्टीतील एका क्रियापदाचा इतिहास

इंग्रजीतील ‘चार्ज’ हे क्रियापद आरोप ठेवणे, पैसे आकारणे, जबाबदारी सोपवणे, वीज भरणे आणि चाल करून जाणे अशा वरकरणी असंबद्ध अर्थांनी वापरले जाते. परंतु त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘गाडीत माल भरणे’ या अर्थाच्या क्रियापदात असून ते जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. हा मूळ अर्थ रोजच्या इंग्रजीतून जवळजवळ लोपला, तरी धातुउद्योगाने तो जपला आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यात तो आजही जिवंत आहे.

या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 2 फेब्रुवारी 1955 रोजी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्यातील भिलाई ज्या मध्य प्रदेश राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले. यंत्रे सोव्हिएत होती आणि भट्टीत भरायच्या मिश्रणाला रशियन तंत्रज्ञ ‘शिख्ता’ म्हणत. तथापि कारखान्याच्या तांत्रिक व्यवहारात इंग्रजी संज्ञाच रुळल्या. भट्टी ‘चार्ज’ करणे म्हणजे दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीची चुनखडी आणि कोक हे पदार्थ थराथराने तिच्या माथ्यातून आत सोडणे. खालून येणाऱ्या तप्त हवेच्या झोताने कोक जळतो, खनिजातील ऑक्सिजन निघून जातो आणि वितळलेले लोखंड तळाशी साचते. कोक तयार करणाऱ्या बंद भट्ट्यांच्या रांगेला ‘बॅटरी’ म्हणतात, आणि तिच्यावरून फिरत प्रत्येक भट्टीत दगडी कोळसा ओतणारी गाडी ‘चार्जिंग कार’ म्हणून ओळखली जाते. येथे बॅटरी ‘चार्ज’ होते ती विजेने नव्हे, कोळशाने.

याच फाटकाच्या आत क्रियापदाचे दुय्यम अर्थही नांदतात. पाळीच्या प्रमुखाला ‘शिफ्ट इन्चार्ज’ म्हणतात, बदली झालेला अधिकारी ‘चार्ज’ देतो, आणि शिस्तभंगाच्या चौकशीत कामगाराच्या हाती ‘चार्जशीट’ पडते. पहिल्या दोन ठिकाणी कर्तव्य लादलेले असते, तिसऱ्या ठिकाणी दोष. अठराव्या शतकात लेडन बरणीत वीज साठवणाऱ्या प्रयोगकर्त्यांनीही भरण्याचीच कल्पना उसनी घेतली होती.

मराठीने हे अर्थ निरनिराळ्या शब्दांत वाटून दिले असले, तरी ‘पदभार’ आणि ‘विद्युतभार’ यांत ओझ्याची कल्पना उघड दिसते, आणि ‘आरोप’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशीही वर चढवण्याचा अर्थ आहे. केवळ ‘लाठीचार्ज’साठी रूढ झालेल्या ‘लाठीमार’ या शब्दात ती उरलेली नाही. त्यामुळे इंग्रजी-मराठी कोशकारांनी ‘भट्टी भरणे’ हा अर्थ तांत्रिक म्हणून नोंदीच्या तळाशी न टाकता प्रारंभी द्यावा, कारण उरलेले बहुतेक अर्थ त्याच्याच आधाराने उलगडतात.