पाळणाघर कारखान्याच्या भिंतीतच राहिलं

परवा ऑफिसच्या कॉलवर साहेबांना विचारलं, पाळणाघराच्या खर्चाची काही सोय होते का बघा. मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. पलीकडून हसत उत्तर आलं, "अहो, तुम्ही तर घरूनच काम करता. तुम्हाला पाळणाघर कशाला?" तेव्हा मुलगी माझ्या मांडीवर बसून कीबोर्डची बटणं दाबत होती. माईक बंद होता म्हणून कळलं नाही, एवढंच.

रागावून लिहीत नाहीये. साहेब माणूस म्हणून चांगलेच आहेत. पण हा प्रश्न आमच्या घराण्यात तीन पिढ्या जुना आहे, आणि त्यामागे कायद्याचा बराच मोठा इतिहास आहे. तो नीट वाचला तेव्हा लक्षात आलं की साहेबांच्या तोंडून १९६६ सालचा कायदाच बोलत होता.

माझी आजी सोलापूरच्या पूर्वभागातली. विडी कामगार. सकाळी कारखान्यातून पानं, तंबाखू, दोरा घेऊन यायची. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, मग मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायची. मजुरी हजार विड्यांवर. दुसऱ्या दिवशी माल जमा करायला गेलं की तपासणारा बघणार, आणि न आवडलेल्या विड्या बाजूला काढणार. त्याला म्हणायचं 'छाट'. छाट झालेल्या विडीचे पैसे नाहीत.

आणि मुलं? तान्हं झोळीत, झोळीची दोरी आजीच्या पायाच्या अंगठ्याला. हात विडीवर, पाय झोळीवर. रांगायला लागलेलं मूल मात्र दोरीने आवरत नाही. ते तंबाखूच्या सुपाकडेच धावतं. मग त्याच्या मागे थोरली मावशी. मावशी चौथीत शाळेतून निघाली ती याच कामासाठी. आई तिच्या पाठची, म्हणून आई दहावी झाली, आणि म्हणून मी आज इथे लॅपटॉपसमोर आहे. आमच्या घरातल्या पाळणाघराचं बिल मावशीने भरलं. हे आईने सांगितलेलं. मावशी स्वतः कधी बोलत नाही.

लोकांना वाटतं 'वर्क फ्रॉम होम' २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आलं. सोलापुरात ते कितीतरी आधीपासून होतं. फक्त त्याला कोणी इंग्रजी नाव दिलं नव्हतं.

आता कायदा बघू.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं ४८ वं कलम पाळणाघराचं. जिथे ५० पेक्षा जास्त बायका कामाला आहेत, तिथे मालकाने त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायची, सांभाळणारी प्रशिक्षित बाई ठेवायची. १९७६ मध्ये हा आकडा ५० वरून ३० वर आला. हेतू उत्तम. पण मोजणी कशाची? कारखान्याच्या भिंतीच्या आत बसलेल्या बायकांची.

विडीचा धंदा या भिंतीतून केव्हाच बाहेर पडला होता. या कामाला यंत्र लागत नाही. पान, तंबाखू, कात्री, दोरा झालं की काम कुठेही होतं. काम घरी पाठवलं की शेड, पाणी, संडास, दिवाबत्ती, कामाच्या तासांची नोंद, सगळा खर्च मालकाच्या डोक्यावरून उतरतो. शिवाय कामगार एकत्र बसत नाहीत, म्हणजे एकत्र बोलतही नाहीत. हे रोखायला १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला. त्यात घरी बसून विडी वळणारीलाही 'कामगार' म्हटलं, ही फार मोठी गोष्ट. मालक लोक कोर्टात गेले, पण १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा उचलून धरला.

पुढे प्रॉव्हिडंट फंडाचं भांडण सुप्रीम कोर्टात पोचलं. मालकांचं म्हणणं असं की बाई तिच्या घरात, तिच्या वेळेने काम करते, आमची देखरेख नाही, मग ती आमची नोकर कशी? १९८५ मध्ये कोर्टाने सांगितलं की माल नाकारायचा अधिकार तुमच्याकडे आहे, तीच तुमची देखरेख. म्हणजे आजी ज्या छाटीला आयुष्यभर शिव्या घालत होती, तिच्याच आधारावर घरकामगारांचा फंड टिकला! घरून काम करणाऱ्या आजच्या मंडळींनी हा निकाल ध्यानात ठेवावा. अप्रेझल म्हणजे आपली छाटच.

एवढं सगळं मिळालं, पण पाळणाघर नाही. का? १९६६ च्या कायद्यात पाळणाघराचं कलम होतं, पण ते 'औद्योगिक जागे'ला लागू. आणि औद्योगिक जागेची व्याख्या करताना कंसात स्पष्ट लिहिलं होतं की राहतं घर त्यात धरायचं नाही. तो एक कंस. बाई कामगार ठरली, तिचं घर कामाची जागा ठरलं नाही. मूल मात्र त्या घरातच होतं, आणि मावशी चौथीतून निघाली.

आता २०१७ ला या. मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. त्याच दुरुस्तीत आणखी दोन गोष्टी आल्या. एक, ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. दोन, कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर दोघांच्या संमतीने बाईला घरून काम करू देता येईल. दोन्ही गोष्टी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या.

दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पाळणाघर ऑफिसला चिकटलेलं, आई घरी. मग चार वेळा जायचं कुठे? कागदावर सोय दोनदा केली, आणि प्रत्यक्षात एकीने दुसरीला खाल्लं. शिवाय घरून कामाची मुभा आईलाच लिहिलेली. बापाचा उल्लेखही नाही. तो काय, मुलाचा पाहुणा?

मग उपाय काय? उपाय महाराष्ट्रातच सापडला होता. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबत. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला त्यांना दिसलं की थोरल्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड असतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. तिचं नाव विकासवाडी. माझ्या मावशीचं दुखणं ताराबाईंना अचूक कळलं होतं. फक्त विकासवाडी सोलापूरच्या पूर्वभागात पोचली नाही.

१९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हे नाव देशभर गेलं. पण शाळापूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तेही काही तासच. तीन वर्षांखालच्यांना आहार, लसीकरण, वजन. दिवसभर सांभाळणं त्यात नव्हतं. अलीकडे २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडायला सुरुवात झाली आहे. दिशा बरोबर आहे. पण हे काम मानधनावर राबणाऱ्या त्याच अंगणवाडी ताईंच्या गळ्यात बांधून चालणार नाही. माणसं आणि पैसे लागतील.

पैसे कोणी द्यायचे, हा वादही जुनाच. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईची विश्रांती हे राष्ट्राचं हित आहे, तेव्हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, पण तिच्या कामाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही पूर्ण मोकळं सोडता येणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. आज 'प्रसूती'च्या जागी 'पाळणाघर' हा शब्द टाकला तरी मुद्दा तसाच लागू पडतो.

माझं म्हणणं एवढंच. पाळणाघराचा हक्क कामाच्या जागेला बांधू नका, मुलाला बांधा. वस्तीत, वॉर्डात पाळणाघर असू द्या. विडी वळणारी, पापड लाटणारी, लॅपटॉपवाली आणि त्यांचे नवरे, सगळ्यांचीच मुलं तिथे जाऊ द्या. सरकारने चालवावं, आणि मालकाने, त्याचा कामगार कुठेही बसून काम करत असो, आपला वाटा भरावा.

साहेबांना मी कायद्याची ही कलमं मेल केली आहेत. उत्तर यायचंय. तोवर सोलापूर, नगर, सिन्नर, निपाणीकडच्या मंडळींना एक विनंती. तुमच्या घरात आई-आजी विड्या वळत असतील, तर लहान मुलांना कोण सांभाळायचं, आणि त्यासाठी कोणाची शाळा सुटली, ते खाली जरूर लिहा. मावशीसारख्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात झालेली नाही.