पद्मिनी मोटारीतील पाण्याची गळती : औरंगाबादच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही मोटार तयार केली. हीच गाडी सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. परवाना पद्धतीच्या काळात नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे लागत. साहजिकच हाती असलेली गाडी दुरुस्त करीत राहणे भाग होते. या दुरुस्तीच्या इतिहासात रेडिएटरमधील पाण्याच्या गळतीचे स्थान मोठे असूनही ते दुर्लक्षित राहिले आहे.

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्यावरील पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरून हा उत्कलनबिंदू वाढविते. त्याचे रबर सैल झाले की पाणी लवकर उकळून बाहेर पडते. मे महिन्यात कन्नडचा घाट चढताना याचा प्रत्यय येई. त्यावर सार्वत्रिक उपाय म्हणजे पाण्याचा डबा सोबत ठेवणे. पाणी कमी झाले की भरावयाचे, या सवयीने गळतीचे निदान लांबणीवर पडले, आणि खरी हानी तेथेच झाली. बेसाल्टच्या या पठारावरील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड; पुन्हापुन्हा भरलेल्या अशा पाण्यातील क्षार नळ्यांत साचत आणि इंजिन अधिकच तापे.

कसबी मेस्त्री प्रथम थंड गाडी पाही. पितळी टाकीच्या सांध्यावर हिरवट-पांढरा थर दिसला तर डाख सुटला असे समजावे. ‘वॉटर बॉडी’च्या खालच्या बारीक छिद्रातून थेंब पडत असेल तर तिचे सील गेले. ब्लॉकच्या बाजूस बसविलेली पत्र्याची गोल बुचे आतून गंजतात. तेथील गळती खाली वाहत गेल्याने भलत्याच ठिकाणी भासते. बाहेर थेंबही नसताना पाणी कमी होत असेल, तर प्रकरण गंभीर. ऑइलवर दुधट फेस, धुराड्यातून पांढरी वाफ आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे ही गॅस्केट उडाल्याची लक्षणे होत. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, तर हेड अॅल्युमिनियमचे. अति तापल्यास हेड वाकते आणि नुसते गॅस्केट बदलून भागत नाही, हेडचे फेसिंग करावे लागते.

पितळ-तांब्याच्या रेडिएटरची टाकी उकलून, नळ्यांतून सळई फिरवून, पुन्हा डाख देता येई. नंतर तोंडे बंद करून तो हौदात बुडवीत व हवा भरीत. बुडबुडे येतील तेथे छिद्र. रस्त्यात मात्र चालक रेडिएटरमध्ये हळद टाकीत. तिने लहान छिद्र तात्पुरते बुजे, परंतु तीच हळद अरुंद नळ्याही तुंबवी.

शेंद्रा येथे २००१ मध्ये स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, तोवर अॅल्युमिनियमच्या जाळीचे व प्लास्टिकच्या टाकीचे रेडिएटर रूढ झाले होते. प्लास्टिकची टाकी तडकली तर तिला डाख देता येत नाही. बहुधा संपूर्ण रेडिएटरच बदलावा लागतो. जुन्या गाडीत आता ग्लायकॉलयुक्त कूलंट भरले जाते. ते विषारी असल्याने गटारात सोडणे गैर, हे सांगणे अस्थानी ठरू नये. मात्र ते भरण्यापूर्वी आतील गंज धुऊन काढताना त्या गंजानेच बुजलेली छिद्रे मोकळी होतात, आणि वर्षानुवर्षे कोरडी दिसलेली गाडी दुसऱ्याच दिवशी गळू लागते. दोष कूलंटला दिला जातो. छिद्र जुनेच असते.