राब्लेचं हसू

फ्रान्स्वा राब्ले आधी मठातला साधू, मग ल्यों शहरातल्या रुग्णालयातला डॉक्टर. १५३२ साली त्यानं ‘पांताग्रुएल’ छापलं, ते स्वतःच्या नावातली अक्षरं उलटीपालटी करून घेतलेल्या टोपणनावानं. पाठोपाठ ‘गार्गांतुआ’ आलं.

आमच्या वाचनमंडळात ही पुस्तकं इंग्रजीतून वाचली. ढुंगण पुसायला काय उत्तम, याचे धाकट्या गार्गांतुआनं केलेले प्रयोग एका अख्ख्या प्रकरणात आहेत. ते मोठ्यानं वाचायचं कुणी? एक निवृत्त शिक्षिका पुढे झाल्या. हंसाच्या लुसलुशीत पिल्लापर्यंत येताना त्यांनाही हसू आवरेना.

‘नुसता चावटपणा,’ असं कुणी म्हणालं. मला तसं वाटत नाही. सोर्बोनच्या धर्मपंडितांना शरीरापेक्षा स्वतःची टिंगल जास्त झोंबली असावी. त्यांनी पुस्तकं निषिद्ध ठरवली. १५४६ मध्ये ‘तिसरं पुस्तक’ राब्लेनं राजाच्या परवानगीनं, खऱ्या नावानं काढलं. तरी तेही निषिद्धच. त्याच वर्षी एत्येन दोले या मुद्रकाला पाखंडी ठरवून पॅरिसमध्ये पुस्तकांसकट जाळलं. राब्लेची आधीची पुस्तकं त्याला न विचारता छापणारा हाच दोले! राब्ले मेत्सला निघून गेला.

पुढे ‘चौथ्या पुस्तका’त समुद्रावर गोठलेले शब्द सापडतात. हातात घेतले की वितळतात आणि जुन्या लढाईतल्या किंकाळ्या ऐकू येतात. निवेदकाला त्यांतले काही तिखट शब्द तेलात टिकवून ठेवायचे असतात. पांताग्रुएल नको म्हणतो. ज्याचा आपल्याला कधी तुटवडा नाही, ते साठवायचं कशाला? यावर आमच्या मंडळात जुंपली, ती अजून मिटलेली नाही.